धुळाआप्पांची बर्फातली शिकार

मे महिना होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. अशा दिवशी एक माणूस स्टीलचा रिकामा डबा घेऊन आमच्या लॅबच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या डीप फ्रीजरला बर्फ साठलाय म्हनं. वाईच खरवडून देता का? डबाभर पुरंल."

मी कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमच्या लॅबमध्ये बाहेरची चप्पलसुद्धा आत येत नाही, बाहेरचा माणूस तर लांबच. त्यात मी मुळात तापट, आणि त्या दिवशी सकाळपासून एक मशीन रुसून बसलेलं. "हे काय गोळेवाल्याचं दुकान वाटलं का तुम्हाला?" मी फाडकन म्हणाले. माणूस दारातून हटला नाही. तसा तो सगळा हलतच होता म्हणा. एका पायाचा चवडा सारखा जमिनीवर आपटत होता, बोटं डब्यावर वाजत होती, नजर माझ्या खांद्यावरून फ्रीजरकडे जाऊन परत येत होती. "खायाला नगं ओ ताई," तो म्हणाला, "फोटूला पायजे."

कटकट जावी म्हणून मी बर्फ दिला. फ्रीजर साफ करायचाच होता. पण फोटोला बर्फ कशाला, हे काही मला स्वस्थ बसू देईना. जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघते तर बॉयलर हाउसच्या मागच्या सावलीत हे गृहस्थ खाकी कपड्यांत पालथे पडलेले. पुढ्यात पोत्यावर पसरलेला बर्फाचा चुरा, त्यावर गुळाचा एक खडा, आणि डोळ्याला लग्नाचे फोटो काढणाऱ्या दौंडच्या एका फोटोग्राफरकडून घेतलेला जुना कॅमेरा. "बर्फ क्यामेऱ्याला फसवतोय," माझ्याकडे न बघताच त्यांनी मला समजावलं. "एवढं पांढरं बघितलं की त्याला वाटतंय उजेड लई झाला. मग त्यो समदं राखाडी करून ठेवतो. म्हून आपन त्याला दटावायचं, की बाबा, पांढरं हाय ते पांढरंच हाय, तू उजेड वाढीव."

"आणि हा गूळ?"

"ते रानमेंढरू हाय. वाघीण यायचीया अजून."

वाघीण काही आली नाही. चार मिनिटांत मेंढराखालचा बर्फ वितळला. त्यांनी मेंढरू उचललं, फुंकर मारली आणि चहाच्या पातेल्यात टाकलं. मग मलाही कपभर चहा दिला.

हे धुळाआप्पा कोकरे. आमच्या कारखान्यात बॉयलर चालवायचे. आता आप्पा नाहीत. मागच्या दिवाळीनंतर झोपेतच गेले. म्हणून तर मी हे लिहायला बसले. असते तर "त्यात काय ल्ह्यायचं ओ ताई?" म्हणून कागद हातातून काढून घेतला असता, आणि कागदावर किती उजेड पडतोय ते बघत बसले असते.

त्यांचं गाव खुटबावच्या पुढे, आडबाजूला. वडील मेंढरं राखायचे. वर्षातले आठ महिने माळावर आणि वाटेवर. आप्पा कंपनीत लागले, थोडी जमीन ओलिताखाली आली, तेव्हा घरच्यांनी कळप मोडला. कळप गेला, पण आप्पांचा आवाज तसाच राहिला. बॉयलरच्या घरघरीतून त्यांनी हाक मारली की गेटवरचा वॉचमन उठून उभा राहायचा. कंपनीने त्यांना वॉकीटॉकी दिला होता. तो त्यांनी टिफिनच्या पिशवीत भाकरीशेजारी ठेवला होता. म्हणायचे, "ह्यो आपल्यापरीस बारीक बोलतोय."

मी हौसेने भिगवणला जाऊन रोहित पक्ष्यांचे फोटो काढायची. आप्पा मला म्हणाले, "पाखरं काय ओ, हुबीच असत्यात. आमच्या माळाला या, लांडगा दावतो." तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी पहाटे मी त्यांच्या माळावर जायला लागले. माझं माहेर शिरूरचं, मिशन कंपाउंडमधलं. तिकडे उसातल्या बिबट्याच्या धाकाने पोरांना शाळेत सोडायला मोठी माणसं जातात. आणि इथे मी मुद्दाम लांडगा शोधत चिलारीच्या काट्यांतून रांगायची. नवरा म्हणायचा, तुला वेड लागलंय. लागलंच होतं.

आप्पांबरोबर बसणं म्हणजे शिक्षा. त्यांचं अंग एका जागी ठरायचं नाही. गवताची काडी तोड, दातात धर, टाकून दे, दुसरी तोड, गुडघा हलव. मी ओरडायची, "आप्पा, जरा शांत बसा की! घाई आहे का तुम्हाला?" तर ते म्हणायचे, "घाई हाय म्हून तर बसलोय, न्हाईतर हिंडलो नसतो का?" पण नजर एवढी पक्की, की मी दुर्बिणीतून झुडपं चाळत असताना हे नुसत्या डोळ्यांनी सांगायचे, "ती टिटवी कुनावर वरडतीया बघा, त्याच्या जरा डावीकडं." आणि डावीकडे लांडगा असायचाच. "जनावर हुडकायचं न्हाई ताई. समदी कुनीकडं बघत्यात त्ये बघायचं," हे त्यांचं नेहमीचं.

लांडग्याचे त्यांच्याकडे शेकड्याने फोटो होते. बसलेला, पळणारा, जांभई देणारा, पिल्लांना खेळवणारा. शिकारीचा मात्र एकही नव्हता. एवढी वर्षं माळावर काढलेल्या माणसाकडे शिकारीचा एक फोटो नसावा? याचं कारण मला एका सकाळी कळलं. आम्ही ओढ्याच्या काठाला दबून बसलो होतो. समोरून एका ओळखीच्या धनगराचा कळप चालला होता आणि मागच्या झुडपातून लांडगा सरकत होता. पोट जमिनीला लावून, थांबत, पुन्हा सरकत. बोट बटणावर. एवढ्यात शेजारून असा आवाज फुटला की माझा कॅमेरा हातातून निसटला.

"हाऽऽऽड्! हाऽऽऽड्!"

लांडगा गायब. कळप भेदरून एका बाजूला. धनगराने लांबूनच हात वर केला. आप्पा खाली बसले आणि मान खाली घालून काडी तोडायला लागले. मी चिडले होते, पण मेंढरू वाचलं होतं.

"आपल्याकडं आसंच हाय बघा," ते म्हणाले. "हितं शिकार म्हंजी कुनाचं तरी मेंढरू. मंग वरडायचं का फोटू काडायचा? आमच्या आबांनी जल्मभर लांडगा बघितला, पन शिकार पुरी कवाच बघितली न्हाई. मधीच वरडायचं. त्यांच्या आबांनीबी न्हाई बघितली. म्हून म्या बर्फात जानार हाय. तिथली रानमेंढरं कुनाची बी न्हाईत. तिथं म्या गप बसनार, आन् एक शिकार पैल्यापास्नं शेवटापातुर बघनार. आमच्या घरात एकानं तरी पुरी बघितली पायजे का न्हाई?"

आता कळलं ना, तो गुळाचा खडा कशासाठी होता? रोज भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस, डब्याच्या वेळी मोबाइलवर हिमबिबट्याचे व्हिडिओ बघायचा. बर्फ त्यांनी कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता. माझा बर्फ म्हणजे शिरूरच्या चर्चमध्ये नाताळच्या झाडावर चिकटवलेला कापूस. एकदा बोलता बोलता मीच म्हणाले, "चला आप्पा, जाऊच." पुण्याच्या निनाद नावाच्या एका तरुण फोटोग्राफरची ओळख होती. तो दर हिवाळ्यात माणसं घेऊन स्पितीला जायचा. आप्पांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. "हा माणूस माझा, जबाबदारी माझी," असं मी निनादला सांगितलं आणि फेब्रुवारीत आम्ही आठ जण निघालो.

स्पितीतल्या त्या गावात पोचलो तेव्हा आप्पा गाडीतून उतरले, वाकले, बर्फाची मूठ उचलली आणि नाकाशी नेली. "वासच न्हाई ओ ह्याला," असं म्हणाले आणि जरा नाराज झाले. निनादने दिलेल्या जाडजूड जॅकेटवर त्यांनी आपली घोंगडी घेतली ती शेवटपर्यंत. पुण्याची मंडळी आधी हसली. तिसऱ्या दिवशी त्यांतलाच एक जण विचारत होता, घोंगडी जरा वेळ देता का म्हणून. थंडीत कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मान टाकतात. आप्पा आठही जणांच्या बॅटऱ्या आपल्या बंडीच्या आतल्या खिशात पोटाशी धरून बसायचे आणि मागेल त्याला गरम गरम काढून द्यायचे. सगळ्यांना त्यांचा लळा लागला. मला उगीचच मोठेपणा वाटत होता. माझा माणूस ना!

दरीच्या पलीकडच्या कड्यावर हिमबिबट्याची मादी होती. आप्पांच्या भाषेत वाघीण. दिवसचे दिवस ती खडकाला खडक होऊन पडून असायची. आमचा वाटाड्या तेन्झिन, तिथलाच, तो दुर्बिणीतून बघून सांगायचा, "पेट अंदर गया है. भूखी है. बच्चे भी होंगे कहीं." हे ऐकल्यावर आप्पांचा गुडघा आणखी जोरात हलायचा. सकाळी पहिला प्रश्न तेन्झिनला, "खाया क्या उसने?" तेन्झिन मान हलवायचा. पाच दिवस असेच गेले. सगळे कातावले होते. पाय बधिर, ओठ फुटलेले, निनाद शब्दाशब्दाला चिडत होता, मी त्याच्यावर. एकटे आप्पा बोलत नव्हते. मी विचारलं तर हळूच म्हणाले, "आता गप बसायचा सराव चाललाय."

सहाव्या दिवशी वाघीण उठली. खालच्या उतारावर भरलांचा कळप आला होता. भरल म्हणजे तिथली रानमेंढी. त्यांत एक आई आणि तिचं मागच्या उन्हाळ्यातलं पिल्लू जरा मागे रेंगाळत होतं. वाघीण खडकाआडून खडकाआड उतरू लागली. पांढऱ्यावर सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. आप्पा म्हणायचे तसंच. ती थांबली की आम्ही थांबायचो, ती सरकली की कॅमेरे सरकायचे. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते की देवा, एक फ्रेम दे, एकच. वाघीण पिल्लापासून आता दहा पावलांवर होती. तिने अंग गोळा केलं.

"हाऽऽऽड्!"

त्या दरीत तो आवाज चारदा फिरला. भरलं उधळली. पिल्लू आईच्या मागे कडा चढून गेलंसुद्धा. वाघीण होती तिथेच उभी राहिली, आवाजाच्या दिशेने तिने बघितलं, आणि मग पाठ फिरवून हळूहळू वर निघून गेली.

आप्पांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. आवाज बाहेर पडल्यावर. मग सगळे एकदम सुटले. निनादने हातमोजा काढून बर्फात आपटला. कोणी म्हणालं वर्षाची तयारी पाण्यात, कोणी काय. आणि मी? मी सगळ्यांत वाईट बोलले. सगळ्यांसमोर बोलले. "मेंढरामागं फिरणाऱ्याला इथं आणलं, हीच माझी चूक!"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितेय, कारण ते माझंच आहे. माझ्या आजोबांना गावात कोणकोणत्या शब्दांनी हाक मारत, ते ऐकत मी मोठी झाले. जन्मावरून बोललेलं कुठे लागतं ते मला कोणी शिकवायला नको होतं. तरी बोलले. मला स्वतःची शरम वाटते, अजून वाटते.

आप्पांनी तिपाई मिटली. सगळ्यांच्या बॅटऱ्या खिशातून काढून एकेकाच्या हातात दिल्या. तेन्झिनजवळ जाऊन विचारलं, "वो फिर आएगी क्या नीचे?" तेन्झिन म्हणाला, "पता नहीं. डर गई है."

दुसरा दिवस शेवटचा. सकाळी निनाद मला बाजूला घेऊन म्हणाला, "ते आज आले तर बाकीचे येणार नाहीत. माणूस तुमचा आहे, तुम्हीच सांगा." आप्पा पायऱ्यांवर तयार होऊन बसले होते. तोंडावर मफलर, त्यावरून घोंगडीची दोरी करकचून बांधलेली. कॅमेरा नव्हताच बरोबर. मफलरच्या आतून म्हणाले, "नुसतं बघतो. लांब बसतो." मी खाली बघत म्हणाले, "आप्पा, आज नको." त्यांनी दोरी सोडली. "बरं म्याडम," म्हणाले.

इतकी वर्षं मी ताई होते. त्या पायरीवर मी म्याडम झाले.

आणि त्याच दिवशी, अकराच्या सुमाराला, शेजारच्या घळीत तीच वाघीण उतरली आणि तिने शिकार केली. आमच्या सातही जणांच्या डोळ्यांदेखत. पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्या कॅमेऱ्यात तीनशेचाळीस फ्रेम आल्या. आयुष्यात एकदा मिळावं असं सगळं मिळालं, आणि मला आनंद असा काही झालाच नाही. परत येताना निनाद म्हणाला, "आप्पांना सांगायला नको. बिचाऱ्यांना फार लागेल." सगळ्यांना पटलं. मला तर लगेच पटलं. ज्याला मी दारातून मागे फिरवलं, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? स्पर्धेला पाठवायचे म्हणून फोटो कुठे टाकायचे नाहीत, असंही ठरलं. तेन्झिनला गप राहायला सांगितलं तेव्हा त्याने आमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं.

आप्पा गावाच्या वेशीपर्यंत आले होते. "उतरली का?"

"नाही आप्पा. काहीच नाही दिसलं."

ते कड्याकडे बघत राहिले.

परत आल्यावर सगळं वरवर आधीसारखं होतं. बॉयलर चालू, चहा चालू. फक्त "म्याडम, सँपल आनलंय," "म्याडम, येतो." मी माफी मागायची ठरवून बॉयलर हाउसपर्यंत जायची आणि भलतंच काहीतरी विचारून परत यायची. मोबाइलवरचे व्हिडिओ त्यांनी बंद केले होते. कॅमेरा घरी. मला वाटलं, रागावलेत माझ्यावर, रागवावंच. मार्चअखेर ते निवृत्त झाले. सत्काराच्या खुर्चीतही पाय हलत होता. जाताना सगळ्यांना हात जोडले, मलाही जोडले.

मे महिन्यात त्यांच्या मंडळींचा, सखूकाकूंचा फोन आला. "म्याडम, तुमी वाईच येऊन ह्यास्नी समजावता का? जेवान जाईना त्यास्नी. उठत्यात, बसत्यात, माळाला जात्यात, परत येत्यात. कुनी त्येन्झिन हाय, त्याला फोन लावत्यात, त्यो लागत न्हाई. सारखं एकच. म्या तिचा घास काडला, ती पिल्लासकट उपाशी मेली आसंल. कोन मेलं ओ म्याडम? आमाला तर काय उमजंना."

फोन ठेवला आणि मी खुर्चीत तशीच बसले. म्हणजे तीन महिने हा माणूस माझ्या वाक्यावर कुढत नव्हता, हुकलेल्या फोटोवरही नाही. ती जेवली की नाही, एवढंच त्याला हवं होतं. आणि ते माझ्याकडे होतं. कपाटात, लॅपटॉपमध्ये, तीनशेचाळीस वेळा होतं. दया म्हणून, शरम म्हणून, काहीही म्हणा, मी ते दाबून बसले होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि गेले. आप्पा अंगणात लिंबाखाली बाजेवर होते. वाळले होते. मी बसायच्या आधीच बोलले, कारण बसले असते तर पुन्हा धीर झाला नसता. "आप्पा, मी खोटं बोलले तुमच्याशी. ती त्याच दिवशी उतरली होती. तिने शिकार केली. आणि मी त्या दिवशी तुम्हाला जे बोलले, ते बोलायला नको होतं. चुकले मी."

त्यांनी पहिल्यांदा दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर दिलं. "मेंढरामागंच फिरलोय की आमी. त्यात खोटं काय हाय? पन तुमी म्हनायला नको हुतं, येवढं खरं." मग एकदम बाजेवर पुढे सरकले. "उतरली? म्हंजी खाल्लं व्हय तिनं? दावा. दावा की ओ!"

अंगणातल्या उन्हात लॅपटॉपवर काही दिसेना. घरात पत्र्याखाली तर भट्टीच. आप्पांनी वळचणीची घोंगडी ओढली आणि लॅपटॉपवर, स्वतःवर पांघरली. "या आत, ताई, डोकं घाला!" सखूकाकू कपाळाला हात लावून हसायला लागल्या. मे महिन्याच्या दुपारी घोंगडीच्या आत आम्ही दोघं, घामाने निथळत, आणि समोर सगळं पांढरं.

मी एकेक फ्रेम पुढे सरकवत होते. वाघीण खडकाआड. वाघीण उतारावर. पोट बर्फाला लावलेलं. खाली आई आणि पिल्लू. आप्पांचा श्वास वाजायला लागला. मला त्यांचा गळा हलताना दिसला. त्यांनी दोन्ही तळहात तोंडावर ठेवले आणि गच्च दाबले. "थांबू का आप्पा?" त्यांनी मान हलवली, नको. वाघिणीने अंग गोळा केलं. उडी. बर्फ उडाला. पिल्लू पडलं. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी तळहातांवर येत होतं, हाताच्या शिरा फुगल्या होत्या, पण आवाज आला नाही. ओढत नेलं. कड्याच्या कुशीत दोन बच्चे निघाले. तिघंही खाली मान घालून खायला लागली. शेवटची फ्रेम.

आप्पांनी हात काढले. तळहातावर दातांचे वण उमटले होते.

"पुरी बघितली," ते म्हणाले. "आबांनी न्हाई, त्यांच्या आबांनीबी न्हाई. म्या बघितली. पोटभर खाल्लं ओ तिनं. बच्चे बी जगले." आणि ते हसले. मी रडत होते आणि हसत होते, घोंगडीचे केस तोंडात जात होते. तीन महिन्यांत मला एवढं हलकं वाटलं नव्हतं. म्हटलं, सुटलो एकदाचे.

मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एका बोटाने फ्रेम मागे नेल्या, पुन्हा पुढे आणल्या, पुन्हा मागे. काहीतरी शोधत होते. कोपरान् कोपरा बघत होते.

"ताई, आन् ह्येची आई कुनीकडं गेली?"

मी बघितलं. सुरुवातीच्या फ्रेममध्ये ती पिल्लाशेजारी होती. मग अर्धी. मग नुसती शिंगं, कडेला. त्यानंतर माझी लेन्स वाघिणीबरोबर गेली होती. तीनशेचाळीस फ्रेममध्ये ती पुन्हा कुठे नव्हती. "दुसऱ्या कुणाकडे असेल," मी म्हणाले.

"इचारा की."

घोंगडीतूनच निनादला फोन लावला. म्हटलं, त्या शिकारीच्या वेळी आई कुठे गेली ते तुमच्यापैकी कोणाच्या फोटोत आलंय का? आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आई?" निनादने विचारलं. "कुणाची आई?"